‘प्रहार’मधील मेजर आणि आपल्या गावातील मेजर

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा माझ्याकडे उच्च रक्तदाबावरील लेख सोपविला होता. त्या विषयावर आपल्याच सभासदांनी मागील अंकांतून इतके चांगले लिहिले आहे, की माझ्या लेखाने केवळ पाने भरली असती. म्हणून संपादकांची क्षमा मागून मी एका चित्रपटाविषयी लिहीत आहे. चित्रपट हिंदी आहे, परंतु त्याचा मोठा भाग आपल्या बेळगावात घडला आहे. आणि त्यातून जो प्रश्न निघतो तो निपाणीपासून खानापुरापर्यंत प्रत्येक डॉक्टरच्या दवाखान्यात बाकावर बसलेला असतो. रक्तदाबाचा उल्लेखही ओघात येईलच.

नाना पाटेकर यांनी दिग्दर्शित केलेला ‘प्रहार’ १९९१ च्या नोव्हेंबरात प्रदर्शित झाला. त्यातील कमांडो प्रशिक्षणाची दृश्ये बेळगावच्या लष्करी कमांडो प्रशिक्षण केंद्रात चित्रित झाली होती. भूमिकेच्या तयारीसाठी नानांनी मराठा लाईट इन्फंट्रीबरोबर प्रशिक्षण घेतले होते आणि प्रत्यक्ष लष्करी अधिकारीही पडद्यावर दिसले; पुढे २०१० साली लष्करप्रमुख झालेले व्ही. के. सिंग हे त्यांतले एक. त्या वेळी निपाणीत दवाखाना थाटून मला पाच वर्षे झाली होती. खास हा चित्रपट पाहण्यासाठी आम्ही चार डॉक्टर मित्र बेळगावला गेलो. प्रेक्षागृहात कॅम्पातले जवान होते, त्याहून अधिक निवृत्त जवान होते. पडद्यावर दोरावरून सरपटणारी मुले दिसताच मागच्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने दाद दिली आणि सारे हसले. आपले गाव पडद्यावर पाहण्याचा आनंद काही निराळाच असतो.

कथा थोडक्यात अशी. पीटर डिसूझा हा मुंबईतील एका बेकरीवाल्याचा मुलगा सैन्यात जातो. मेजर चौहान नावाच्या अत्यंत कठोर प्रशिक्षकाच्या हाताखाली तो कमांडो होतो. अतिरेक्यांनी ओलीस धरलेल्या शाळकरी मुलांची सुटका करताना तो पाय गमावतो आणि सैन्यातून घरी परततो. लग्न ठरते, त्याचे निमंत्रण मेजरला जाते. मेजर मुंबईस पोहोचतो तेव्हा पीटर जिवंत नसतो. वस्तीतील गुंडांना हप्ता देण्यास नकार दिला म्हणून त्याचा खून झालेला असतो. ज्याने रणात पाय दिले त्याला स्वतःच्या गल्लीत कोणी वाचविले नाही, आणि आता साक्ष द्यायलाही कोणी तयार नाही. मेजर अखेर स्वतःच शस्त्र होतो आणि गुंडांना ठार मारतो. न्यायालय त्याला मनोरुग्ण ठरवून उपचारासाठी पाठविते.

त्या रात्री परतताना आम्ही चौघांनी मारामारीच्या दृश्यांवर, हबीब तन्वीर यांनी उभ्या केलेल्या पीटरच्या वृद्ध वडिलांवर, मन्ना डे यांच्या आवाजातील गीतावर पुष्कळ चर्चा केली. शेवटच्या पाच मिनिटांवर मात्र एक शब्दही बोललो नाही. चौघेही डॉक्टर, परंतु एका माणसाला ‘मनोरुग्ण’ म्हटले जाते, त्याचे निदान काय, लक्षणे कोणती, ते बरोबर की चूक, असा विचार आमच्यापैकी एकालाही सुचला नाही. मला तो सुचायला आणखी पाच वर्षे लागली, आणि ती एका रुग्णाला महागात पडली.

त्या रुग्णाकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. युद्धावरून परतलेला सैनिक आणि गुन्हा ही जोडी चित्रपटांना फार पूर्वीपासून प्रिय आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत अशा चित्रपटांचा पूर आला होता. त्यांपैकी १९४६ च्या ‘द ब्लू डाहलिया’ची हकीकत आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने विशेष बोधक आहे. रेमंड चँडलर या प्रसिद्ध रहस्यकथाकाराने त्याची पटकथा लिहिली. मूळ आराखड्यात खुनी होता डोक्याला जखम होऊन परतलेला एक नौसैनिक. मेंदूच्या इजेमुळे त्याला आपण काय केले हे आठवतही नाही. अमेरिकन नौदलाने आक्षेप घेतला, आणि चँडलरला शेवट बदलून खून दुसऱ्याच्या माथी मारावा लागला. नौदलाची भूमिका मला समजते. लाखो जवान घरी परतत असताना ‘हा माणूस खुनी असू शकतो’ असे लोकांना कोणी सांगावे? परंतु खून त्याच्या माथ्यावरून काढताना त्याच्या जखमेची चर्चाही मागे पडली. त्याच वर्षीच्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’मध्ये हॅरॉल्ड रसेल या दोन्ही हात गमावलेल्या खऱ्या माजी सैनिकाने भूमिका केली व ऑस्कर पारितोषिक मिळविले. त्यात खून नाही, मारामारी जवळजवळ नाही. रात्री झोपण्यापूर्वी कृत्रिम हात काढून ठेवल्यावर आपण किती असहाय असतो हे तो आपल्या वाग्दत्त वधूला दाखवितो, एवढेच. वैद्यकीय महाविद्यालयांत हे दृश्य दाखवावे असे मला वाटते.

आपल्याकडील सर्वांत नेमके उदाहरण ‘पानसिंग तोमर’चे. पानसिंग हे लष्करात सुभेदार होते, ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये अनेक वर्षे राष्ट्रीय विजेते होते आणि १९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धेत धावले होते. निवृत्तीनंतर चंबळच्या खोऱ्यातील आपल्या गावी गेले. तेथे जमिनीवरून भाऊबंदांशी तंटा झाला, दाद मिळाली नाही. ते डाकू झाले आणि १९८१ च्या ऑक्टोबरात पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. तिग्मांशू धुलिया यांच्या २०१२ साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटात इरफान खान यांनी ही भूमिका केली. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे आणि इरफान यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. चंबळ आपल्यापासून दूर आहे, पण बांधाचा तंटा दूर नाही. निवृत्त जवान गावी येतो तेव्हा सतरा वर्षांत बांध दोन हात सरकलेला असतो. आपल्या सीमाभागात तर आणखी एक पेच असतो. एखाद्याचे घर निपाणीकडे आणि वडिलार्जित तुकडा कागल तालुक्यात. तिकडचा सातबारा मराठीत, इकडची पहाणी कन्नडमध्ये. पलटणीत हिंदी आणि घरी मराठी बोललेल्या माणसाला स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. ज्याने नकाशे वाचून तुकड्या नेल्या त्याला कचेरीच्या दारात अर्ज लिहून देणाऱ्यापुढे ताटकळत बसावे लागते, हा अपमान किरकोळ नसतो.

आता माझ्या रुग्णाविषयी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आपल्याकडे खेड्यात निवृत्त जवानाला, तो शिपाई असो वा हवालदार, सारे ‘मेजर’च म्हणतात. हेही असेच मेजर; प्रत्यक्षात हवालदार. १९८७ मध्ये शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत जाफन्याला होते. १९९३ साली निवृत्त होऊन निपाणीजवळच्या आपल्या गावी आले, तेव्हा वय छत्तीस. बँकेत बंदूकधारी रखवालदार म्हणून लागले. माझ्याकडे येत ते रक्तदाब, आम्लपित्त आणि झोप न लागणे या तक्रारी घेऊन. नेहमी भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसत. ती जागा कोणी घेतली असेल तर उभेच राहत. मला वाटे, लष्करी ऐट आहे. तीन वर्षांच्या केसपेपरवर माझ्याच अक्षरात तेच तेच लिहिलेले आहे : रक्तदाब इतका, पित्त, झोप नाही, अल्प्राझोलाम ०.२५, पुढे ०.५. ते सैन्यात कोठे होते, हे त्या कागदावर एकदाही लिहिलेले नाही. मी विचारलेच नव्हते.

१९९६ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्यांच्या चुलतभावाला माझ्याकडे आणले. डोक्याला खोल जखम, उजवा हात मोडलेला. मी रक्त थांबवून त्याला सरकारी दवाखान्यात पाठविले. अर्ध्या तासाने मेजर स्वतः चालत आले, आपल्या ठरलेल्या जागी बसले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, मीच मारलं. पोलिसांना बोलवा.” बांधावरून वाद जुना होता, पण त्या दिवशी भांडण झालेच नव्हते. तिन्हीसांजेला ते तंबाखूच्या शेताकडेने खोरे घेऊन येत होते आणि चुलतभाऊ पाठीमागून, उभ्या पिकातून एकदम बाहेर आला. पुढचे त्यांना तुकड्यातुकड्यांनी आठवत होते. “मागनं आला ओ,” एवढेच ते पुनःपुन्हा सांगत राहिले.

त्यांची पत्नी रात्री आली. तिने मला पाच मिनिटांत जे सांगितले ते मी तीन वर्षांत काढून घेतले नव्हते. “साहेब, ह्यांस्नी रातच्याला झोप न्हाई. बॅटरी घिऊन आंगणात बसत्यात. झोपलं तरी अंगाला हात लावून उठवायची सोय न्हाई. लांबनं काठीनं पायाला ढोसायचं. दिवाळीत फटाकं वाजाय लागलं की चार दिस मळ्यातल्या मोटरीच्या खोलीत जाऊन ऱ्हात्यात. पोरास्नी जवळ घेत न्हाईत.” मी ऐकत होतो आणि मनातल्या मनात पाठ्यपुस्तकाचे पान उलटत होतो. अशा स्मृतींचा पुनःपुन्हा अनुभव, आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे, भावनांचा कोरडेपणा, सततची सावधता व दचकणे : सगळी लक्षणे तिने एका दमात, क्रमाने सांगितली होती.

आघातोत्तर तणावविकार हे नाव तसे अलीकडचे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात ते १९८० साली आले. आजार मात्र जुना आहे. अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांची छातीतील धडधड आणि दम लागणे यांवर जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये लिहिले. ‘सैनिकाचे हृदय’ असे त्याला लोक म्हणू लागले. पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स यांनी १९१५ च्या ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’ हा शब्द छापला. त्याच वर्षाच्या अखेरीस मेसोपोटेमियात कूत येथे सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात सापडली. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि कैदेतून पुष्कळ जण परतलेच नाहीत. जे परतले ते आपल्या कोकण-देशावरच्या गावांत नांगराला लागले. इंग्रज अधिकाऱ्यांच्या धडधडीवर आणि दुःस्वप्नांवर ग्रंथ झाले. आमच्या आज्या-पणज्यांनी आपल्या नवऱ्यांना लांबून काठीने ढोसून उठविले असेल तर त्याची नोंद कोणत्याही वैद्यकीय नियतकालिकात मला सापडलेली नाही.

सर्वसामान्य वाचकांसाठी हा आजार म्हणजे काय हे सोप्या शब्दांत सांगतो. जिवावरचे संकट आले की मेंदू धोक्याची घंटा वाजवितो. हृदय जोरात चालते, स्नायू ताठतात, विचार करण्याआधी हात चालतो. रणांगणावर हाच गुण माणसाला वाचवितो आणि प्रशिक्षणात तोच मुद्दाम घासूनपुसून धारदार केला जातो. ‘प्रहार’चा सारा पूर्वार्ध याच धार लावण्याचा आहे. संकट सरल्यावर घंटा थांबली पाहिजे. काही जणांत ती थांबत नाही, किंवा कित्येक महिने शांत राहून पुन्हा सुरू होते. फटाका, हेलिकॉप्टरचा आवाज, जळक्या रबराचा वास, पाठीमागची चाहूल, एवढे तिला पुरे होते. हा भित्रेपणा नव्हे आणि वेडही नव्हे. आठवणीला काळाचा शिक्का बसलेला नसतो. जे १९८७ मध्ये घडले ते मेंदूच्या लेखी आत्ता घडत असते.

येथे एक गैरसमज दूर करणे मला अगत्याचे वाटते, नाहीतर माझ्या या लेखाने जवानांवर अन्यायच होईल. युद्धावरून परतलेला माणूस धोकादायक असतो असे मुळीच नाही. ‘लॅन्सेट’मध्ये २०१३ साली १३,८५६ ब्रिटिश सैनिकांचा, त्यांच्या पोलीस नोंदी पडताळून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. केवळ इराक-अफगाणिस्तानात पाठविले गेल्याने हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण वाढत नाही, असे त्यात आढळले. प्रत्यक्ष चकमकीत भाग घेणे, परतल्यानंतरचे अतिमद्यपान आणि आघातोत्तर लक्षणे, विशेषतः सततची सावधता, यांच्याशी मात्र त्याचा संबंध दिसला. दारू आणि निद्रानाश या दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. कँटीनच्या रमची बाटली हा आपल्याकडे थट्टेचा व पाहुणचाराचा विषय आहे. पाहुणे गेल्यावर ती बाटली कोण आणि किती वाजता संपवितो हे डॉक्टरने विचारावे. आणि बहुतेक जवानांची हिंसा, जेव्हा असते तेव्हा, दुसऱ्यावर नव्हे तर स्वतःवर उलटते. म्हणून घरात परवान्याची बंदूक आहे काय, हाही प्रश्न रक्तदाब मोजताना विचारण्यासारखाच आहे. आपल्या भागात बँका, साखर कारखाने आणि पतसंस्थांच्या रखवालीवर अशा बंदुका पुष्कळ आहेत.

आता चित्रपटाच्या शेवटाकडे पुन्हा येतो. मेजर चौहानला न्यायालयाने मनोरुग्ण ठरविले हे बरोबर होते काय? कायद्यात मनोविकाराचा बचाव फार अरुंद आहे. भारतीय दंड संहितेचे कलम ८४, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २२ झाले, एवढेच म्हणते की कृत्य करताना मनोविकृतीमुळे त्या कृत्याचे स्वरूप किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे समजण्यास आरोपी असमर्थ असेल तर तो गुन्हा नव्हे. मेजरला सर्व काही समजत होते. त्याने आधी सरळ मार्गाने दाद मागितली, साक्षीदार शोधले, मग नियोजन केले. माझ्या मते तो कलम ८४ च्या जवळपासही जात नाही. माझा हवालदार मात्र त्या संध्याकाळी, त्या दोन मिनिटांपुरता, त्या कलमाच्या उंबऱ्यावर उभा होता. आणि त्याने तसे एका अक्षरानेही म्हटले नाही. पडद्यावर शहाण्याला वेडा ठरविले गेले, निपाणीत आजारी माणसाला भांडकुदळ ठरविले गेले. दोन्हीकडे समाजाची सोय झाली. मेजर वेडा ठरला की साक्ष न देणारी सारी गल्ली आपोआप शहाणी ठरते.

जाता जाता एक आठवण नोंदवितो. १९९१ मध्ये, म्हणजे मेजरला न्यायालयाने वेड्यांच्या इस्पितळात पाठविले तेव्हा, आपल्याकडे १९१२ चा ‘लुनसी ॲक्ट’च लागू होता. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १ एप्रिल १९९३ रोजी अमलात आला, आणि आजचा २०१७ चा कायदा २९ मे २०१८ पासून. आपल्या जिल्ह्यातील जुन्या पिढीसाठी ‘धारवाडला नेले’ या शब्दांचा अर्थ एकच होता. त्याच जागी आता डिमहान्स ही शिक्षण व उपचारसंस्था आहे. पण शब्दाचा डाग संस्थेच्या नावाबरोबर बदलत नाही. मी मेजरना मानसोपचारतज्ज्ञांकडे जा म्हटले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “म्हणजे धारवाड?” मी त्यांना कोल्हापूरला पाठविले. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. परंतु खरे कारण भाषेचे होते. औषध कोणत्याही भाषेत पोटात जाते. जाफन्याची ती वाट कशी होती, पुढे चाललेला जोडीदार कोण होता, हे मात्र माणूस आपल्याच भाषेत सांगू शकतो.

उपचारांविषयी सहव्यावसायिकांसाठी थोडे लिहितो. मी वर्षानुवर्षे दिलेले अल्प्राझोलाम हे या आजारात टाळावयाचे औषध आहे. आजची प्रमुख मार्गदर्शक तत्त्वे बेंझोडायझेपिनच्या विरुद्ध सल्ला देतात. त्याने झोप आल्यासारखी वाटते, सवय जडते, दारूबरोबर ते घातक ठरते आणि मूळ आजार जागच्या जागी राहतो. औषधांत सर्ट्रालिन व पॅरॉक्सेटिन यांना आधार आहे. दुःस्वप्नांसाठी प्राझोसिनचा फार बोलबाला झाला होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माजी सैनिकांवरील मोठ्या चाचणीत ते प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही, तरी काही रुग्णांना गुण येतो असा अनेकांचा अनुभव आहे. खरा भर आघातकेंद्रित मानसोपचारावर हवा. त्यासाठी प्रशिक्षित माणसे आपल्या तालुक्यांत जवळजवळ नाहीत, हे कटू सत्य आहे. माजी सैनिकांची ईसीएचएस योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे आणि बेळगावात तिचे पॉलिक्लिनिक आहे. ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांना तेथून पुढे पाठविता येते. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही निःशुल्क सेवाही आहे. रुग्णाच्या पत्नीला हा क्रमांक लिहून द्यावा. रुग्ण स्वतः फोन करणार नाही, ती करील.

त्याच्या आधीची पायरी आपली, म्हणजे सामान्य डॉक्टरची आहे. मी आता प्रत्येक नव्या पुरुष रुग्णाला, रक्तदाबाची पट्टी बांधता बांधता, ‘फौजेत होता काय’ असे विचारतो. हो म्हटले तर कोणती पलटण, कोठे कोठे राहिलात, कारगिल, सियाचीन, काश्मीर, शांतिसेना. येथे घाई करू नये. माणूस पहिल्यांदा फक्त ठाण्यांची नावे सांगतो. मग झोपेचे विचारतो, स्वप्नांचे विचारतो, आवाजाने दचकता काय, काही जागा टाळता काय, घरच्यांपासून तुटल्यासारखे वाटते काय. ‘तुम्हाला मानसिक त्रास आहे काय’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ असेच येणार; ‘रात्री गस्त घालता काय’ असे विचारले तर मान हलते. पत्नीला एकटीला एकदा भेटावे. स्फोटाच्या जवळून गेलेल्या जवानात मेंदूच्या सौम्य इजेचाही विचार करावा; विसराळूपणा आणि चिडचिड तिच्यामुळेही असू शकते. हे सगळे गर्दीच्या ओपीडीत शक्य नाही असे कोणी म्हणेल. मीही तीन वर्षे तेच म्हणत होतो.

बेळगावात १९२२ पासून मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र आहे. या जिल्ह्यातील आणि शेजारच्या कोल्हापुरातील, सैनिक टाकळीसारख्या गावांतील मुले पिढ्यान्पिढ्या भरती होत आली आहेत. भरतीच्या दिवशी आपण हार घालतो, शहिदाच्या अंत्ययात्रेला सारे शहर लोटते. या दोहोंच्या मध्ये जो माणूस धडधाकट दिसत छत्तिसाव्या वर्षी एस.टी.तून ट्रंक घेऊन उतरतो, त्याच्यासाठी आपल्याकडे प्रथा नाही. २०२२ च्या अग्निपथ योजनेनुसार तर भरती चार वर्षांसाठी असून त्यानंतर चौथाईपर्यंतच जवान कायम घ्यावयाचे आहेत. पहिल्या तुकड्या २०२३ च्या प्रारंभी प्रशिक्षणाला लागल्या. म्हणजे ट्रंक घेऊन उतरणारा आता बावीस-पंचवीस वर्षांचा असेल. त्याला सेवानिधीची ठरावीक रक्कम मिळेल, निवृत्तिवेतन नाही. मी या योजनेच्या बाजूने किंवा विरुद्ध लिहीत नाही. त्या वयाचा रुग्ण रक्तदाबासाठी येत नाही, त्यामुळे आपल्या बाकावर तो दिसणारही नाही, एवढेच मला खुपते.

मेजरांच्या खटल्यात पुढे न्यायालयाच्या परवानगीने तडजोड झाली. चुलतभावाचा हात थोडा वाकडा जुळला आहे. बांध मात्र मोजणी होऊन जागेवर आला. कोल्हापूरला मेजर सहा-सात महिने नियमित गेले, मग खंड पडला, मग पुन्हा गेले. बंदुकीची नोकरी त्यांनी आपण होऊन सोडली. अल्प्राझोलाम सोडविताना मला त्यांच्याहून अधिक धाक होता. आज त्यांचे वय सत्तरीला टेकले आहे. रात्री दोनदा उठतात, पण अंगणात बसत नाहीत. दिवाळीत अजूनही मळ्यात जातात; आता बरोबर पत्नी असते आणि फराळाचा डबा असतो.

मागच्या उन्हाळ्यात ते नातवाला घेऊन आले. पोरगा भरतीच्या तयारीत होता. सपाट तळवे, गुडघे आणि कानांतला मळ तपासून हवा होता. मी दवाखान्यातील एक खुर्ची बरीच वर्षे भिंतीशी, दाराकडे तोंड करून ठेवलेली आहे. मेजर तिच्यावर बसले. नातवाला मी तपासले, सर्व ठीक होते. निघताना ते परत वळले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, ह्याचा बी कागुद आत्ताच काढून ठेवा तुमच्याकडं. माघारी आल्यावर लागंल.”

मी नवा केसपेपर घेतला, वरती मुलाचे नाव आणि तारीख लिहिली, आणि बाकीचे पान कोरे ठेवून फाइलीत लावले.